युद्धाचा माल, बाजाराचा कागद



‘जागतिकीकरण आणि आफ्रिकेतील सशस्त्र संघर्ष’ हा विषय संयोजकांनी दिला, तेव्हा मी त्यांच्याकडून एक सवलत मागून घेतली. आफ्रिका खंडात ५४ देश आहेत. त्या सगळ्यांबद्दल तासाभरात बोलायला निघालेला वक्ता शेवटी कुणाबद्दलच काही सांगत नाही. म्हणून मी तीन जागा धरून बोलणार आहे: सिएरा लिओनमधला कोनो जिल्हा, काँगोमधलं रुबाया आणि सुदानमधला दारफूर. हिरा, कोल्टन आणि सोनं. पहिल्या जागी मी जास्त रेंगाळेन, कारण तिथली गोष्ट आता पुरती उघडी पडली आहे. तिचा काही भाग तर न्यायालयात शाबित झाला आहे.

आधी थोडा हिशेब. १९९४ ते १९९८ या पाच वर्षांत बेल्जियममधल्या अँटवर्पच्या हिरे परिषदेने लायबेरियातून आलेले म्हणून ३ कोटी १० लाख कॅरेट कच्चे हिरे नोंदवले. म्हणजे वर्षाला साठ लाखांच्या वर. लायबेरियाची खाणक्षमता होती वर्षाला फार तर दीड लाख कॅरेट. एखाद्या साखर कारखान्याने आपल्या हद्दीत पिकतो त्याच्या चाळीसपट ऊस गाळल्याचं दाखवावं, आणि आयुक्तालयापासून बँकेपर्यंत कुणीही ‘एवढा ऊस आणला कुठून?’ असं विचारू नये, तसा हा प्रकार. शेजारच्या सिएरा लिओनची १९९८ सालची सरकारी निर्यात होती ८,५०० कॅरेट. त्याच वर्षी अँटवर्पमध्ये सिएरा लिओनचे म्हणून उतरले ७ लाख ७० हजार कॅरेट.

यातलं काहीही गुप्त नव्हतं. दोन्हीकडची दप्तरं ज्याला हवी त्याला बघता येत होती. ‘पार्टनरशिप आफ्रिका कॅनडा’ या छोट्याशा संस्थेने जानेवारी २००० मध्ये ते आकडे शेजारी शेजारी मांडले, एवढंच. तोवर सिएरा लिओनमधल्या युद्धाला नऊ वर्षं होत आली होती.

मला आज सांगायचं आहे ते इतकंच. या युद्धांना खाण लागते, बंदुका लागतात, भुकेली पोरं लागतात. पण हे सगळं जमलं तरी युद्ध वर्षानुवर्षं चालत नाही. त्यासाठी कुठेतरी एक टेबल लागतं, जिथे लुटीचा माल कागदावर स्वच्छ होतो. ते टेबल बहुतेक वेळा आफ्रिकेत नसतं. अँटवर्पमध्ये असतं, दुबईत असतं, आणि आपली तयारी असेल तर पुढे बोलू, मुंबईतही असतं.

हे सांगायची गरज आहे, कारण आपल्या डोक्यात बसलेलं चित्र वेगळं आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये अमेरिकेतल्या ‘अटलांटिक’ मासिकात रॉबर्ट कॅप्लन यांचा ‘येऊ घातलेलं अराजक’ या आशयाचा एक लेख आला. पश्चिम आफ्रिकेत लोकसंख्या, रोगराई, जंगलतोड आणि टोळ्यांची भांडणं यांतून राज्यव्यवस्था कोसळते आहे, आणि उद्याच्या जगाचं हेच रूप असणार, असा त्याचा सूर. सिएरा लिओन त्यातला मुख्य दाखला. हा लेख अमेरिकेच्या वकिलातींना फॅक्सने धाडला गेला. जगापासून तुटलेला, आदिम, स्वतःच्याच द्वेषात जळणारा प्रदेश, हे चित्र तिथून पक्कं झालं. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही आफ्रिकेची बातमी येते ती ‘वांशिक हिंसाचार’ या दोन शब्दांत गुंडाळून.

पॉल रिचर्ड्स नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने या मताला १९९६ मध्ये सविस्तर उत्तर दिलं. हा माणूस त्या भागात वर्षानुवर्षं भातशेतीचा अभ्यास करत राहिलेला. त्याने दाखवलं की बंडखोरांतली पोरं जगापासून तुटलेली नव्हती. जनरेटरवर चालणाऱ्या व्हिडिओवर त्यांनी ‘रॅम्बो’ पाहिला होता. गावच्या पोलिसाने छळलेला, जंगलात शिरून एकट्याने सगळ्यांना पुरून उरणारा तो नायक त्यांना आपला वाटत होता. जग त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. शाळा मात्र पोचली नव्हती, किंवा पोचून बंद पडली होती.

ती का बंद पडली? इथे थोडं मागे जावं लागेल. सिएरा लिओनमध्ये हिरे सापडले १९३० साली. लगेचच, १९३५ मध्ये, संपूर्ण देशातल्या हिऱ्यांचा मक्ता एका ब्रिटिश कंपनीला मिळाला. स्वातंत्र्यानंतर सत्तेवर आलेल्या सियाका स्टीव्हन्स यांनी १९७१ मध्ये खाणींचं राष्ट्रीयीकरण केलं आणि हिऱ्यांचा पैसा सरकारी तिजोरीकडून आपल्या गोटाकडे वळवला. त्यांच्याच काळात फ्रीटाऊनहून पूर्वेकडे जाणारी रेल्वे बंद झाली. पूर्वेकडचा भाग विरोधकांचा. तिथली कॉफी-कोको बाजारात पोचली नाही तर बिघडलं कुठे? ऐंशीच्या दशकात कर्ज वाढलं, नाणेनिधीच्या अटी आल्या, अनुदानं आटली, शिक्षकांचे पगार थकले. जागतिकीकरणाचा हा पहिला हप्ता होता. राज्य गावातून निघून गेलं, पण गावातला हिरा जगाच्या बाजाराला बांधलेलाच राहिला.

कोनोमधला हिरा खोल खाणीत असावा लागत नाही. तो नदीच्या गाळात विखुरलेला असतो. वरची माती काढायची, खालची वाळू-खडी उपसायची, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून गोल चाळण फिरवत राहायचं. जड खडे मध्ये गोळा होतात. त्यांत नजर बसलेल्याला एखादा चमकता दाणा दिसतो, आणि बहुतेक दिवशी दिसत नाही. हे काम करणाऱ्या पोरांना तिथे ‘सान-सान बॉइज’ म्हणतात. मजुरी म्हणजे दिवसाला दोन कप तांदूळ, आणि काही सापडलंच तर त्यात वाटा. वाट्याचा भाव ठरवणार तो, ज्याने तांदूळ दिला. त्याच्यावर परवानेवाला, त्याच्यावर कोइडू गावातला व्यापारी, बहुतेक लेबनानी. अशा व्यवस्थेत बंदूक घेऊन कुणी आला तर त्याला नवीन काही उभारावं लागत नाही. चाळण तीच राहते, पोरंही तीच राहतात. तांदूळ देणारा तेवढा बदलतो.

मार्च १९९१ मध्ये तो आला. फोडे सांको, लष्करातला माजी कॉर्पोरल, नंतरचा छायाचित्रकार. लिबियात प्रशिक्षण घेतलेला, आणि लायबेरियातला बंडखोर नेता चार्ल्स टेलर याच्या पाठबळावर सरहद्द ओलांडलेला. त्याच्या ‘रिव्होल्युशनरी युनायटेड फ्रंट’च्या जाहीरनाम्यात लोकशाही, शिक्षण, शोषणमुक्ती सगळं होतं. १९९६ मध्ये लोकांनी मतदान करू नये म्हणून या संघटनेने माणसांचे हात तोडले. अकरा वर्षांत मेलेल्यांचा अंदाज सर्वसाधारणपणे ५० हजारांचा दिला जातो. लाखो लोक गावं सोडून परागंदा झाले.

आता या युद्धाचा पुरवठा बघा. मार्च १९९९ मध्ये युक्रेनमधून ६८ टन शस्त्रं बुर्किना फासोची राजधानी वागाडुगू इथे उतरली. ही शस्त्रं आपल्याच सैन्यासाठी आहेत, असं प्रमाणपत्र बुर्किना फासोने दिलं होतं; कागद चोख होता. तिथून ती एका खासगी जेट विमानातून खेपा करून लायबेरियात गेली आणि पुढे बंडखोरांकडे. विमान लिओनिद मिनिन नावाच्या व्यापाऱ्याचं. ते एके काळी अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या बास्केटबॉल संघाच्या दिमतीला होतं. सोव्हिएत संघाच्या पडझडीतून निघालेली हत्यारं, अमेरिकन खेळाडूंचं जुनं विमान, पश्चिम आफ्रिकेतला दाखला आणि किमतीपोटी हिरे. याला जगापासून तुटलेलं युद्ध कसं म्हणायचं? मला तर नव्वदच्या दशकात इतकी सुरळीत चाललेली आंतरराष्ट्रीय पुरवठासाखळी दुसरी फारशी आठवत नाही.

सुरक्षेचाही बाजारच झाला. १९९५ मध्ये बंडखोर राजधानीच्या वेशीवर आले, तेव्हा सरकारने दक्षिण आफ्रिकेतल्या ‘एक्झिक्युटिव्ह आउटकम्स’ या कंपनीला पाचारण केलं. वर्णद्वेषी राजवटीच्या लष्करातले मोकळे झालेले सैनिक या कंपनीत होते. काही आठवड्यांत त्यांनी बंडखोरांना मागे रेटलं आणि कोनो ताब्यात घेतला. सरकारकडे पैसा नव्हता. कंपनीच्या वर्तुळातल्या एका खाण कंपनीला कोनोतले हिऱ्यांचे हक्क मिळाले. पुढे बंडखोरांशी झालेल्या शांतता करारातल्या अटीमुळे जानेवारी १९९७ मध्ये हे भाडोत्री सैनिक गेले, आणि मे महिन्यात लष्करी बंड झालं. यावरून काही जण म्हणतात, कंपनीच बरी होती. असेल, तेवढ्या महिन्यांपुरती. पण ज्या देशाला स्वतःची राजधानी राखायला खाण गहाण टाकावी लागते, त्याची सुरक्षा त्या दिवशी वाचली असं म्हणणं मला जड जातं.

जुलै १९९९ मध्ये सरकार आणि बंडखोर यांच्यात लोमे इथे झालेल्या करारात तर कडेलोट झाला. जगाला युद्ध लवकर मिटवायचं होतं. फोडे सांकोला उपराष्ट्रपतींचा दर्जा मिळाला आणि त्याच्याकडे पद आलं ते देशाच्या खनिज संपत्तीच्या आयोगाचं अध्यक्षपद. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, ही म्हण आपल्या पूर्वजांनी कुणाला पाहून काढली कोण जाणे, पण ती इतकी तंतोतंत कुठे लागू पडली नसेल.

या कराराची अंमलबजावणी करायला जी संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना गेली, तिचे पहिले सेनापती होते भारताचे मेजर जनरल विजय कुमार जेटली. मे २००० मध्ये बंडखोरांनी सुमारे पाचशे शांतिसैनिकांना ओलीस धरलं. पूर्वेकडच्या कैलाहून इथे दोनशेहून अधिक भारतीय सैनिक, मुख्यतः गोरखा, सुमारे अडीच महिने वेढ्यात अडकले होते. जुलैच्या मध्यावर ‘ऑपरेशन खुकरी’त त्यांची सुटका झाली. ही शौर्याची कथा आपल्याकडे अधूनमधून सांगितली जाते. तिचा पुढचा भाग मात्र कुणी सांगत नाही. जेटलींनी लिहिलेला एक गोपनीय अहवाल त्या वर्षी सप्टेंबरमध्ये फुटला. शांतिसेनेतलेच काही वरिष्ठ नायजेरियन अधिकारी हिऱ्यांच्या व्यवहारात गुंतले आहेत, त्यांना युद्ध संपायला नको आहे, असा आरोप त्यात होता. नायजेरियाने तो साफ नाकारला. पेच चिघळला आणि भारताने आपलं सैन्य माघारी बोलावलं. आरोप कितपत खरा, हा वाद बाजूला ठेवू. पण राखणदाराच्या हेतूबद्दल असा संशय घेता यावा, यातच सगळं आलं.

या सगळ्याची उलाढाल किती होती? संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने डिसेंबर २००० मध्ये अंदाज दिला: बंडखोरांचे हिरे वर्षाला अडीच कोटी ते साडेबारा कोटी डॉलरचे. जगातला कच्च्या हिऱ्यांचा व्यापार तेव्हा सुमारे सातशे कोटी डॉलरचा. म्हणजे वरचा आकडा धरला तरी शंभरातले जेमतेम दोन हिरे. बाजाराच्या हिशेबात ही रक्कम चिल्लर आहे. अँटवर्पच्या एखाद्या पेढीला तिच्याकडे सहज दुर्लक्ष करता येईल. पण पन्नास लाखांच्या देशाला अकरा वर्षं जाळायला ती पुरून उरते. दोन बाजूंच्या ऐपतीतली ही तफावत मला जागतिकीकरणातली सगळ्यात घातक गोष्ट वाटते. त्याच समितीने आणखी एक गोष्ट नोंदवली, ती प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे: लायबेरियाच्या नावावर उतरलेल्या सगळ्याच हिऱ्यांवर सिएरा लिओनचं रक्त नव्हतं. कर चुकवायचा म्हणून दुसरीकडचा मालही ‘लायबेरिया’ म्हणून दाखवला जात होता. बंडखोराला वेगळी चोरवाट बांधावी लागली नाही. सभ्य व्यापाऱ्याने कर चुकवण्यासाठी पाडलेली वाट तयार होती. हा तिच्यावरून चालत गेला.

२००० साली दक्षिण आफ्रिकेत किंबर्ली इथे सरकारं, हिरे उद्योग आणि स्वयंसेवी संस्था एकत्र बसल्या. १ जानेवारी २००३ पासून किंबर्ली प्रमाणपत्र योजना लागू झाली: कच्चा हिरा सरकारी दाखल्याशिवाय सरहद्द ओलांडणार नाही. तिचा उपयोग झाला, हे आधी मान्य करू. सिएरा लिओनची कायदेशीर निर्यात १९९९ मध्ये सव्वा दशलक्ष डॉलरच्या आसपास होती. २००४ मध्ये ती सव्वाशे दशलक्षांवर गेली. आणि हिरा हा मुळातच शाप आहे, असंही नाही. बोट्स्वानाने त्याच हिऱ्यांवर शाळा, रस्ते, दवाखाने उभे केले. तिथे यादवी झाली नाही. आणि सिएरा लिओनमधल्या गुन्ह्यांना हातभार लावल्याबद्दल टेलरला २०१२ मध्ये विशेष न्यायालयाने पन्नास वर्षांची शिक्षा दिली.

पण योजनेतली व्याख्या बघा. ‘संघर्षाचे हिरे’ म्हणजे वैध सरकार उलथवण्यासाठी बंडखोर वापरतात ते. सरकारच गोळ्या घालत असेल तर? २००८ मध्ये झिम्बाब्वेच्या मरांगे भागात लष्कराने खाणीवर जमलेल्या लोकांवर हल्ले केले. ह्यूमन राइट्स वॉचच्या म्हणण्यानुसार दोनशेहून अधिक माणसं मेली. व्याख्येत हे बसत नव्हतं. २०११ च्या शेवटी त्या हिऱ्यांना निर्यातीची मोकळीक मिळाली, आणि ही योजना घडवून आणण्यात पुढाकार घेणारी ‘ग्लोबल विटनेस’ ही संस्था तिच्यातून बाहेर पडली.

इथे आपला संबंध येतो. जगात पैलू पडणाऱ्या हिऱ्यांतले, नगांच्या हिशेबात, दहातले नऊ हिरे भारतात, मुख्यतः सुरतेत, रत्नकलाकारांच्या हातांखालून जातात. त्यांचा व्यापार पूर्वी ऑपेरा हाउसच्या पंचरत्नमध्ये चाले, आता वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्समध्ये चालतो. कागदाच्या निळसर अस्तराच्या पुड्यांत माल हातोहात फिरतो. दुबईसारख्या पेठेत वेगवेगळ्या देशांचा रफ माल एकत्र झाला की पुढच्या दाखल्यावर देशाचं नाव न येता ‘मिश्र’ असं येऊ शकतं. आणि एकदा पैलू पडला की योजनेचा संबंधच संपतो. ती फक्त कच्च्या हिऱ्यांपुरती आहे. सुरतेतल्या कारागिराला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला घंटीवर बसल्यावर समोर काय येतं तेवढंच ठाऊक. पण २००८ आणि २०१९ या दोन वर्षी योजनेचं अध्यक्षपद भारताकडे होतं. २०१९ च्या दिल्लीतल्या बैठकीत व्याख्या रुंदावण्याचा प्रश्न टेबलावर होता. एकमत झालं नाही. व्याख्या जिथल्या तिथे राहिली.

काँगोबद्दल थोडक्यात बोलतो, कारण गोष्ट तीच आहे, खडा तेवढा वेगळा. कोल्टनपासून टँटलम मिळतं. आपल्या खिशातल्या फोनमधल्या बारीक कपॅसिटरमध्ये ते असतं. २००० सालाच्या अखेरीला त्याचे भाव काही महिन्यांत कित्येक पटींनी चढले आणि पूर्व काँगोतल्या डोंगरांवर झुंबड उडाली. पुढे २०१० मध्ये अमेरिकेने कायदा केला: कंपन्यांनी आपल्या मालात काँगो परिसरातली खनिजं आहेत का, ते जाहीर करावं. हेतू उत्तम. बड्या खरेदीदारांनी चौकशीची कटकट नको म्हणून तिथून खरेदीच थांबवली. काँगो सरकारनेही सहा महिने हातखाणी बंद ठेवल्या. हजारो खाणमजुरांच्या घरची चूल थंडावली. लोक त्याला ‘ओबामाचा कायदा’ म्हणू लागले, आणि ते कौतुकाने नव्हे.

मग आला टॅग. पोत्याला नंबराचा प्लॅस्टिकचा टॅग बांधायचा, म्हणजे माल अमुक शांत खाणीतला असल्याची हमी. टॅग पोत्याला बांधतात, खडकाला बांधता येत नाही, ही त्यातली मेख. मसिसी भागातल्या रुबायातून जगातलं सुमारे पंधरा टक्के टँटलम येतं. एप्रिल २०२४ मध्ये एम-२३ या बंडखोर संघटनेने ते गाव घेतलं. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या अहवालानुसार ती तिथल्या उत्पादनावर आणि व्यापारावर कर बसवून महिन्याला आठ लाख डॉलर मिळवू लागली, आणि महिन्याला १२० टन माल रवांडात जाऊन तिथल्या मालात मिसळू लागला. एम-२३ला आपण लष्करी मदत करतो हे रवांडा नाकारतो. तज्ज्ञांच्या अहवालात त्याच्या सैन्याच्या सहभागाचे पुरावे आहेत.

जानेवारी २०२५ मध्ये गोमा शहर पडलं. त्या वेळचं एक दृश्य अनेकांनी टीव्हीवर पाहिलं असेल. सरकारच्या बाजूने लढायला आणलेले तीनशेच्या घरातले रोमानियन भाडोत्री सैनिक हद्द ओलांडून रवांडात गेले. अंगझडती झाली, बॅगा तपासल्या, बसमध्ये बसवलं, घरी पाठवलं. बीबीसीच्या बातमीनुसार त्यांतल्या काहींचा पगार होता महिन्याला ५,००० डॉलर. काँगोच्या साध्या सैनिकाला मिळतात शंभराच्या आसपास, तेही मिळाले तर. रोमानियन घरी गेले. गोमाच्या लोकांना जायला दुसरं घर नव्हतं. ज्या काँगोत १९६१ मध्ये शांतिसेनेतले कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया धारातीर्थी पडले, तिथे आजही भारताचे शांतिसैनिक आहेत. गोमात भारतीय लष्कराचं रुग्णालय आहे. सलारियांच्या वेळचं प्रकरण काँगोतल्याच कटांगा प्रांतातल्या तांब्याचं होतं.

कोनोत १९९५ मध्ये जो सौदा झाला, तोच मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात रशियाच्या वॅग्नर गटाने केला: आम्ही राष्ट्रपतींना राखतो, नदासिमाची सोन्याची खाण आमच्याकडे. धनको बदलतो, करारनामा तोच.

‘सुरक्षा’ हा शब्द आपण वापरतो तेव्हा कुणाची, हे विचारून घ्यावं. मार्च २०२४ मध्ये आपल्या ‘आयएनएस कोलकाता’ने ३५ सोमाली चाचे पकडून मुंबईला आणले आणि यलो गेट पोलिसांच्या स्वाधीन केले. कामगिरी चोख होती. चाच्यांनी पळवलेल्या ‘रुएन’ जहाजावरच्या १७ खलाशांचे प्राण वाचले. चाच्यांची बाजू मी घेणार नाही. पण सोमालियातलं सरकार १९९१ मध्ये कोसळल्यावर परदेशी ट्रॉलर वर्षानुवर्षं तिथली मासळी उपसत होते, तेव्हा एकाही नौदलाला तिकडे फिरकावंसं वाटलं नव्हतं. जहाजांच्या विम्याचे दर चढले, तेव्हा डझनावारी देशांच्या युद्धनौका आल्या.

आता सोनं. २०११ मध्ये दक्षिण सुदान वेगळा झाला आणि सुदानचं बहुतांश तेल गेलं. पाठोपाठ दारफूरमध्ये जबेल आमिरला सोनं सापडलं. २०१७ मध्ये ती खाण मोहम्मद हमदान दगालो, म्हणजे हेमेदती, याच्या ताब्यात आली. उंटांच्या व्यापारातून वर आलेला हा माणूस ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ या निमलष्करी दलाचा प्रमुख. येमेनच्या युद्धात त्याच्या दलातली पोरं आखाती देशांसाठी मोबदल्यावर लढून आली. सोन्याचा पैसा आणि भाडोत्री लढाईचा पैसा, दोन्ही हातांत आल्यावर त्याला राज्याच्या पगाराची गरज उरली नाही. १५ एप्रिल २०२३ रोजी हे दल आणि सुदानचं लष्कर यांच्यात युद्ध पेटलं. एक कोटीहून अधिक माणसं घरादाराला मुकली. ऑक्टोबर २०२५ मध्ये दारफूरमधलं अल-फाशर शहर हेमेदतीच्या दलाच्या हाती पडलं आणि तिथे कत्तली झाल्या.

संयुक्त अरब अमिराती हेमेदतीला शस्त्रं पुरवते, असा सुदान सरकारचा आरोप आहे. ते याचसाठी आंतरराष्ट्रीय न्यायालयातही गेलं, पण अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर खटला निकाली निघाला. अमिरातीने आरोप नाकारला आहे. गंमत, म्हणजे कडू गंमत, अशी की त्याच सुदान सरकारचं अधिकृत सोनंही बहुतांश अमिरातीतच विकलं जात आलं आहे. एकमेकांचे गळे कापणाऱ्या दोन्ही फौजांचा सराफ एकच. आणि हिऱ्याचा दाणा निदान दाणाच राहतो. सोनं वितळलं की त्याला ना गाव उरतं, ना नाव. ‘स्विसएड’ या संस्थेच्या अभ्यासानुसार एकट्या २०२२ मध्ये आफ्रिकेतून ४३५ टन सोनं नोंदीविना बाहेर गेलं, आणि त्यातलं बहुतेक अमिरातीत उतरलं.

तिथून ते कुठे जातं? भारत वर्षाला सातशे-आठशे टन सोनं आयात करतो. स्वित्झर्लंडखालोखाल अमिराती हा आपला मोठा पुरवठादार. मे २०२२ मध्ये लागू झालेल्या व्यापार करारात आपण अमिरातीच्या सोन्याला ठरावीक कोट्यापुरती आयात शुल्कात सवलत दिली आहे. गुरुपुष्याला किंवा पाडव्याला आपण जी वेढणी घेतो, तिच्यावर शुद्धतेचा हॉलमार्क असतो. ते सोनं किती कॅरेटचं, हे तो सांगतो. कुठल्या खाणीतलं, हे विचारायची सोयच त्यात नाही. तुमच्या घरातलं सोनं दारफूरचं आहे असं मी म्हणत नाही. तसं नाही, हे सिद्ध करणारा कागद तुमच्याकडेही नाही आणि तुमच्या सराफाकडेही नाही, एवढंच म्हणतो.

आफ्रिकेत बंदुका शांत करणं आपल्या हातात नाही. भारताचे सैनिक तिथे साठाहून अधिक वर्षं मरत आले आहेत, ते आपलं योगदान कमी नाही. पण कैलाहूनला सैनिक पाठवायचा आणि व्यापाराचा कागद मात्र तपासायचा नाही, ही विभागणी मला पटत नाही. किंबर्ली योजनेत निर्णय एकमताने होतात, आणि सगळ्यात जास्त हिरा जिथे घासला जातो त्या देशाचा शब्द तिथे वजनदार आहे. तेव्हा मागण्या दोन. किंबर्लीच्या व्याख्येत सरकारी फौजांचा हिंसाचारही यावा, असा आग्रह भारताने धरावा. आणि सवलतीच्या दराने येणाऱ्या सोन्याच्या प्रत्येक खेपेबरोबर खाणीचं नाव मागावं. हिरे बोर्स आणि झवेरी बाजार दोन्ही आपल्या राज्यात आहेत. या मागण्या करायला आपल्याइतकी जवळची माणसं दुसरी नाहीत. पुढच्या वेळी सराफाच्या पेढीवर बसाल तेव्हा घडणावळीची घासाघीस झाल्यावर हे सोनं कुठल्या खाणीतलं, एवढंही विचारा.